एका 'नको'ची समीक्षा

मराठीत समीक्षकांची वानवा कधीच नव्हती. कादंबरी आली की तिच्यावर समीक्षा येते, त्या समीक्षेवर दुसरी समीक्षा येते, आणि मग या दोन्ही समीक्षांचा परामर्श घेणारं चर्चासत्र एखाद्या तालुक्याच्या गावी भरतं. त्यात मधल्या सुट्टीत बटाटेवडा असतो. नाटकाचं तेच, कवितेचंही तेच. पण माणसं हल्ली जे रोज वाचतात, वाचून घाबरतात, पुन्हा वाचतात आणि शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारून 'जरा बघ रे हे काय म्हणतंय' असं म्हणून त्याच्याकडून समजून घेतात, त्या वाङ्मयावर कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. मी वेबसाइटबद्दल बोलतोय, आणि तिच्या मोबाईलमध्ये राहायला गेलेल्या धाकट्या जावेबद्दल, म्हणजे अ‍ॅपबद्दल. लाइटबिल, गॅस, पेन्शन, रेल्वेचं तिकीट, नातवाच्या शाळेची फी, सगळा संसार त्या वीतभर पडद्यावर चालतो. दिवसाकाठी तिथे माणूस किती वाक्यं वाचतो याचा हिशेब कुणी मांडला, तर आमच्या बऱ्याच साहित्यिकांची झोप उडेल.

तेव्हा ही उणीव भरून काढायचं मी मनावर घेतलं आहे. तुमचा अधिकार काय, असं विचाराल, तर पंचवीस वर्षं मी याच धंद्यात आहे. म्हणजे समीक्षकाला लागणारी मुख्य पात्रता, स्वतः बिघडवलेली कामं गाठीशी असणं, ती माझ्यापाशी भरपूर आहे. सुरुवातीलाच सगळ्या वेबसाइटवाङ्मयाला हात घालणं बरं नाही, म्हणून मी एकच शब्द निवडला आहे. 'नको'.

पण आधी आमच्या धंद्याविषयी थोडं. तो नातेवाइकांना समजावून सांगणं हा एक वेगळाच धंदा आहे. १९९९ साली मी घरात पहिल्यांदा 'वेबसाइट तयार करतो' असं सांगितलं. सर्वसामान्य माणसाला आपल्याकडे इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे त्याचं अजून दूधही सुटलं नव्हतं. शिवाय ते मिळायचं सायबर कॅफे नावाच्या, अर्धे पडदे लावलेल्या, घरच्यांच्या मते काहीशा संशयास्पद जागी. त्यामुळे लग्नाची बोलणी करताना आई 'मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगून पुढचा पोहे-चहाचा विषय काढायची. या वाक्याचा परिणाम असा झाला की, आजतागायत आमच्या आणि सासरच्या मिळून चौदा घरांतला प्रिंटर बिघडला की फोन मला येतो.

पुढे आमच्या कामाचं बारसं झालं. 'युजर एक्सपीरियन्स' असं घसघशीत नाव ठेवलं गेलं. अमेरिकेत डॉन नॉर्मन नावाच्या गृहस्थांनी १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत हे शब्द आपल्या हुद्द्यात घालून घेतले. आमच्यापर्यंत ते पोचायला जवळजवळ पंधरा वर्षं लागली. नवी व्हिजिटिंग कार्डं छापून आली त्या रविवारी काका घरी आले होते. त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं.

"युजर एक्सपीरियन्स म्हणजे?"

"वापरणाऱ्याचा अनुभव."

"तो वापरणाऱ्यालाच येतो ना?"

"हो."

"मग पगार तुला कसला?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

प्रत्यक्षात आम्ही करतो काय, तर चौकोन काढतो. पानावर कुठे काय यायचं याचा नुसत्या रेघांचा आराखडा. त्याला वायरफ्रेम म्हणतात. चित्र यायचं असेल तिथे चौकोन आणि त्यात फुली, मजकूर यायचा तिथे आडव्या रेघा, बटण यायचं तिथे कोपरे गोल केलेला आणखी एक चौकोन. एकदा आमच्या हिने टेबलावर पडलेले असले चाळीस कागद पाहिले आणि 'तीन महिने हेच चाललंय का?' असं अगदी हळुवारपणे विचारलं. आमचे चिरंजीव बालवाडीत असंच काढायचे, पण ते निदान रंगवायचे तरी, असंही ती म्हणाली.

तिला काय ठाऊक, एकेका चौकोनामागे केवढं तत्त्वज्ञान उभं असतं! याच नॉर्मनसाहेबांनी १९८८ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात दारं आहेत, नळ आहेत, शेगडीची बटणं आहेत. ओढायचं दार आपण ढकलतो आणि कपाळ आपटून घेतो, तेव्हा मूर्ख आपण नसतो, दार करणारा असतो, हा त्या सगळ्या विवेचनाचा गाभा. मला हे वाचून रडू यायचंच बाकी राहिलं होतं. कारण आपल्याकडे दारावर कपाळ आपटलं की माणूस दाराचीच माफी मागतो. 'मलाच मेलं काही कळत नाही या मोबाईलमधलं', हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येत नाही असं घर मला दाखवा. मोठमोठे हेडमास्तर, निवृत्त मामलेदार, एका नजरेत वर्ग गार करणाऱ्या बाई, सगळे त्या पडद्यासमोर ढ मुलासारखे उभे असतात.

आणि डिझाइन म्हणजे अमेरिकेतून आलेलं काहीतरी असंही समजू नका. चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपं १९५८ साली सरकारच्या बोलावण्यावरून भारतात हिंडलं आणि त्यांनी एक अहवाल दिला. सगळ्या देशात हिंडून त्यांना सर्वांत सुंदर वस्तू कोणती वाटली असेल? लोटा! आपला पाण्याचा लोटा. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा राहतो, भरल्यावर त्याचा तोल कसा सांभाळला जातो, ओतताना पाणी कसं येतं, घासायला किती सोपा, असा सगळा विचार त्यांनी केला होता. तो कुणा एकाने केलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडवलाय, असं त्यांचं म्हणणं. लोट्याबरोबर माहितीपुस्तिका येत नाही. 'आपण लोटा उपडा करू इच्छिता?' असं लोटा विचारत नाही.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे 'नको'कडे येतो.

मी धंद्यात शिरलो तेव्हा वेबसाइटला नांदी असायची. फ्लॅश नावाचं एक तंत्र होतं (ते ३१ डिसेंबर २०२० रोजी रीतसर बंद झालं). त्यात कंपनीचं नाव फिरत फिरत यायचं, मागून वीज चमकायची, संगीत वाजायचं, आणि साखर कारखान्याच्या वेबसाइटवरही पृथ्वीचा गोल गरगरायचा. हे सगळं संपेपर्यंत माणसाने हात जोडून बसायचं. मात्र खाली उजव्या कोपऱ्यात दोन शब्द असत: 'स्किप इंट्रो'. म्हणजे, 'तुमची नांदी नको, नाटक सुरू करा.' माझ्या मते जगातल्या यच्चयावत वेबसाइटवरचा तो पहिला सच्चा शब्द. आम्ही रात्र रात्र जागून केलेल्या नांदीवर लोक पहिल्या सेकंदाला ते बटण दाबत. फार अपमान वाटायचा. पण बटण आम्हीच ठेवलेलं असायचं, चांगलं स्पष्ट आणि वाचता येईल असं. नको म्हणायचा पाहुण्याचा हक्क त्या काळी यजमानाला मान्य होता.

आपल्या पंगतीतही हेच आहे ना! वाढणारा श्रीखंडाचं पातेलं घेऊन येतो, आग्रह करतो, 'माझ्यासाठी एक चमचा' म्हणतो, फार झालं तर जावयाच्या पानावर चार वाट्या ओततो. पण खाणाऱ्याने पानावर आडवा हात धरला की विषय संपला. आडवा हात हे आपल्या संस्कृतीतलं रद्द करायचं बटण आहे. ते नेहमी खाणाऱ्याच्या हाती असतं, आणि लग्न कितीही गर्दीचं असलं तरी दिसतं. बोटांच्या फटींतून श्रीखंड ओतणारा वाढपी मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या धंद्याने तो घडवला.

कसा, ते सांगतो. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, लक्ष्य जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. हे कळायला मानसशास्त्रज्ञ कशाला हवा, भजीची बशी कुठे ठेवावी हे कुठल्याही पाहुण्याला कळतं. पण या नियमाच्या जोरावर बटणं मोठी झाली, बोटाजवळ आली, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं झालं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की, नियम उलटाही चालतो. जे बटण लोकांनी दाबू नये असं आपल्याला वाटतं ते लहान करा, लांब ठेवा, फिकट करा. 'होय' हा शब्द वर्षावर्षाला धष्टपुष्ट होत गेला आणि 'नको' वाळत गेला. आधी त्याची चौकट गेली, मग रंग गेला, मग तो पानाच्या तळाशी राखाडी अक्षरांत जाऊन बसला. हॅरी ब्रिग्नल या इंग्लंडातल्या आमच्याच व्यवसायबंधूने २०१० साली असल्या क्लृप्त्यांना 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा प्रकारांची यादी काढून त्यांना मनाई केली. घाई नसताना घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू पिशवीत टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, असे एकेक. आमच्या ऑफिसात ती यादी भिंतीवर लागली. सगळ्यांनी ती मन लावून वाचली. दोघांना त्यात नव्या कल्पना सापडल्या.

आता परीक्षणासाठी घेतलेली कलाकृती. घरबसल्या योगासनं शिकवणारं एक अ‍ॅप आहे. नाव सांगत नाही. सात दिवस फुकट, नंतर महिन्याला दोनशे नव्व्याण्णव रुपये. माझी सांगलीची मावशी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, त्या सात दिवसांत शिरली ती अकरा महिने बाहेर पडू शकली नाही. ही बातमी मला आईकडून कळली. मावशीने स्वतः कळवलं नाही, कारण मोबाईल तिला 'मेलं काही कळत नाही' या सदरात मोडतो. मी शनिवारी एस.टी. पकडली.

मावशी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे जायचो, तेव्हा रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहिल्याशिवाय आंबा मिळायचा नाही. 'आणि' मधला 'णि' दीर्घ काढला म्हणून मी एकदा पायरी आंब्याला मुकलो आहे. अजूनही कुणी 'आणी' लिहिलेलं दिसलं की मला आंब्याचा वास येतो.

"अगं, बँकेचा मेसेज नाही का आला पैसे जायच्या आधी?" मी विचारलं. कारण असे आपोआप जाणारे पैसे खात्यातून निघण्यापूर्वी चोवीस तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ पासून लागू आहे.

"आला की. दर महिन्याला येतो. हा बघ." तिने हिशेबाची वही उघडली. अकरा महिन्यांच्या अकरा नोंदी होत्या, 'योगासने – रु. २९९', ओळीने, एकाखाली एक, वळणदार अक्षरात.

"मग त्यातल्या लिंकवर जाऊन बंद नाही का करायचं?"

"लिंकवर बोट ठेवू नका म्हणून त्याच बँकेचा मेसेज येतो ना दर आठवड्याला? एका बँकेचं किती ऐकायचं, ते ठरवा म्हणावं आधी."

यावर मी चहा प्यालो.

मग तिने फडताळातून एक पाठकोरा कागद काढला. पडद्यावरची अक्षरं बारीक दिसतात आणि 'वाचेवाचेपर्यंत पडदा काळा होतो', म्हणून तिने वर्ग बंद करायचं ते अख्खं पान कागदावर उतरवून घेतलं होतं. निळ्या शाईने मूळ मजकूर आणि तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त्या! वेबसाइटवाङ्मयावर समीक्षा झालेली नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, ते मागे घेतो. ती सांगलीत एका फडताळात होती.

'अवैध नाव' या दोन शब्दांभोवती तांबडं वर्तुळ होतं. नाव लिहिताना तिने मधे एक पूर्णविराम दिला होता, तो अ‍ॅपला चालला नाही. समासात शेरा: 'दारूचा धंदा अवैध असतो. नाव नव्हे.' 'पासवर्ड प्रविष्ट करा'च्या बाजूला: 'विद्यार्थी परीक्षेस प्रविष्ट होतात. पासवर्ड लिहितात.' 'सादर करा'पुढे नुसतंच प्रश्नचिन्ह आणि कंसात 'नाटक?' एका ठिकाणी, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी नऊ चित्रांतून रस्त्यावरचे आगीच्या पाण्याचे नळ शोधायला सांगितलं होतं. तसला बुटका तांबडा नळ अमेरिकेतल्या फुटपाथवर दिसतो, सांगलीत कुणाच्या बापाने पाहिलाय? मावशीने त्या ठिकाणी लिहिलं होतं: 'प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. सर्वांस गुण द्यावेत.'

पण खरी समीक्षा पुढे होती. पान म्हणत होतं, 'आपण रद्द करू इच्छिता?' आणि खाली दोन बटणं होती, 'रद्द करा' आणि 'सुरू ठेवा'.

"आता मला सांग," मावशी म्हणाली, "रद्द करा म्हणजे वर्ग रद्द, की रद्द करणं रद्द? आणि सुरू ठेवा म्हणजे वर्ग सुरू, की रद्द करणं सुरू? कर्म कुठाय या वाक्यात? सकर्मक क्रियापद घ्यायचं आणि कर्म गिळायचं!"

चाळीस वर्षांच्या अध्यापनाचा राग त्या गिळलेल्या कर्मावर निघत होता.

"मी तीनदा 'रद्द करा' दाबलं," ती म्हणाली, "की पुन्हा पहिल्या पानावर. तिथे त्या कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र आहे. डोळ्यात पाणी. 'आपण आम्हाला सोडून चाललात?' म्हणतंय. मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, बिचारा कोण एवढा विनवतोय, राहू दे महिनाभर."

असे अकरा महिने.

मी तिच्या हातून मोबाईल घेतला, पान वर सरकवलं आणि तळाशी असलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं: 'नको, मला माझ्या आरोग्याची काळजी नाही.' ती दाबली की वर्ग बंद.

मावशीने चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर आणला, मोबाईल नाकाशी धरला. मग कागद पाहिला. तिने इतक्या काळजीने, स्वल्पविरामासकट उतरवून घेतलेल्या त्या प्रतीत ही ओळच नव्हती.

"ही मला दिसलीच नाही रे," ती म्हणाली. आणि मग, मला भीती होती तेच वाक्य आलं. "मलाच मेलं काही कळत नाही."

वाचकहो, इथे समीक्षकाने एक खुलासा केला पाहिजे. ती ओळ दिसू नये असाच तिचा रंग होता, आणि तो रंग मी निवडला होता. चार वर्षांपूर्वी ते अ‍ॅप आमच्या ऑफिसाचं गिऱ्हाईक होतं. मराठी माझं नव्हतं, ते यंत्राने इंग्रजीतून उतरवलं होतं. पिल्लूही माझं नव्हतं. राखाडी माझा. मजकूर वाचता यावा म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान साडेचारास एक असं प्रमाण असावं, असं जगभर मानलेलं मोजमाप आहे. ते मला पाठ आहे, मी त्यावर नव्या मुलांना व्याख्यान देतो. माझा राखाडी सव्वादोनास एक होता.

त्या कामाच्या बैठका मला अजून आठवतात. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. आमच्याकडे वापरणारा माणूस आधी कागदावर जन्माला घालतात. त्याला पर्सोना म्हणतात. अ‍ॅलन कूपर यांनी १९९९ सालच्या पुस्तकातून ही पद्धत रूढ केली आणि कल्पना वाईट नाही. नजरेसमोर कुणीतरी माणूस असावा, एवढाच तिचा हेतू. पण आम्ही लिहिलेली माणसं फार गुणी. कादंबरीतलं पात्र निदान लेखकाच्या हाताबाहेर जातं, आमचं पात्र कधी जात नाही. त्याला नेमकं आम्हाला हवं तेच हवं असतं. आमच्या भिंतीवर एक निवृत्त बाईही होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, 'तंत्रज्ञानाची आवड असलेल्या', हसऱ्या. त्यांना महिना दोनशे नव्व्याण्णव सहज परवडत असत. त्यांना 'नको' म्हणायची इच्छा होईल असं त्यांच्या चिठ्ठीवर कुठे लिहिलेलंच नव्हतं.

पाच माणसांना समोर बसवून पान वापरायला दिलं तरी बहुतेक मोठे दोष दिसतात, असं या क्षेत्रातले जाणते याकोब निल्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय. आम्ही ते पाळलं. वर्गात नाव घालायचं पान पाच जणांना दिलं, चारदा सुधारलं, लोण्यासारखं मऊ केलं. नाव काढायचं पान कुणालाच दिलं नाही. ते जितक्या कमी लोकांना जमेल तितकं उत्तम, असं ठरलेलंच होतं. तीन महिन्यांनी वर्ग सोडणाऱ्यांचा आकडा खाली आला. गिऱ्हाईकाने पेढे पाठवले. मी दोन खाल्ले.

मला तो राखाडी सांगितला कुणी, दमदाटी केली का, तर नाही. एवढंच म्हणाले, 'जरा सॉफ्ट करता येईल का?' आमच्या धंद्यात सगळी पापं मऊ शब्दांत होतात. आणि खरं सांगायचं तर मला तो राखाडी दिसायला आवडलाही होता. पान कसं शांत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीबरोबर मंडईत गेलो. कोथिंबीर, वांगी, पावशेर मिरच्या. मावशीने भाजीवालीच्या पाटीसमोरच्या चौकोनी ठिपक्यांवर मोबाईल धरला, आकडा टाकला, आणि पाटीमागच्या डबीतून बाईचा आवाज आला, 'पंचाऐंशी रुपये प्राप्त झाले.' भाजीवालीने मान वर न करता पुढच्या गिऱ्हाईकाच्या वांग्यांना हात घातला. मी तिथेच उभा राहिलो. भाजीवालीला जगाकडून एकच गोष्ट समजून घ्यायची असते, पैसे आले की नाही. तिचे हात ओले असतात, डोळे तराजूवर असतात, आणि इंग्रजी मेसेज वाचायला तिला सवड नसते. डबी तेवढंच सांगते, तिच्या कानात सांगते, आणि गप्प बसते. 'प्राप्त' ऐवजी 'मिळाले' म्हटलं असतं तर मावशीनेही पूर्ण गुण दिले असते. ईम्स पतिपत्नी आज असते तर लोट्याशेजारी त्यांनी ही डबी ठेवली असती, अशी माझी समजूत आहे. ही माझ्या धंद्यातल्याच कुणीतरी केली, हा विचार मनात येऊन बरं वाटलं आणि लगेच पेढे आठवले.

घरी आल्यावर मावशी पत्र लिहायला बसली. वर्ग बंद झाला होता, पण 'झालेल्या चुका कळवल्या नाहीत तर मूल सुधारणार कसं?' असा तिचा प्रश्न होता. अ‍ॅपमधून कळवायची सोय शोधली, तेव्हा 'नमस्कार, मी तुमची सखी' म्हणणारं एक यंत्र उगवलं. सखीने तीन पर्याय दिले, तिन्ही नवे वर्ग विकत घेण्याचे. मावशीने सखीला बंद केलं आणि फुलस्केप कागद घेतला.

'सा. न. वि. वि.' अशी सुरुवात करून तिने दोन पानं लिहिली. पत्रात कुठेही पैसे परत मागितले नव्हते. वाक्यांतलं कर्म, 'अवैध'चा अर्थ, अभ्यासक्रमाबाहेरचे नळ, सगळं क्रमाने होतं. शेवटचा परिच्छेद त्या राखाडी ओळीवर होता. 'पंचेचाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलालाही फळा दिसला पाहिजे, म्हणून आम्ही अक्षर मोठे व ठळक काढत असू. आपण हे अक्षर जाणूनबुजून पुसट काढले असेल असे वाटत नाही. खडू संपला असेल.'

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं, बाहेर काही नव्हतं.

निळ्या-तांबड्या त्या कागदाच्या तळाशी तिने गुण दिले. 'एकूण १० पैकी ३.' ते तीन गुण कशाचे, मी विचारलं. कुत्र्याचं पिल्लू बरं काढलंय, म्हणाली. तो कागद पत्रासोबत जायचा होता.

"पत्ता कुठाय यांचा?" मावशीने विचारलं. "सगळं अ‍ॅप पालथं घातलं. एवढा कारभार करतात आणि दारावर पाटी नाही."

"दे, मी लिहितो," मी म्हटलं आणि पाकीट ओढून घेतलं. कंपनीचं नाव, चौथा मजला, इमारत, पेट्रोल पंपामागे, बाणेर रस्ता, पुणे, पिनकोड. आठ महिने त्या पत्त्यावर बैठकांना जात होतो, पेन थांबलंच नाही. पिनकोडच्या शेवटच्या आकड्याला माझ्या लक्षात आलं की, खोलीत फार शांतता आहे.

मावशी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत होती. वही घरी विसरली म्हणून सांगणाऱ्या मुलाकडे बघायची ती नजर चाळीस वर्षांत जरादेखील पुसट झाली नव्हती.

"ती खालची ओळ काल तुला बरी पटकन सापडली," ती म्हणाली.

मी 'आणि' मधला 'णि' ऱ्हस्व की दीर्घ हे आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा बसून राहिलो.

तिने काही विचारलं नाही. पाकिटातून तो कागद पुन्हा बाहेर काढला, तांबडी पेन्सिल घेतली, 'एकूण १० पैकी ३'च्या खाली एक ओळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ठळक, वळणदार, मागच्या बाकावरूनही दिसेल असं अक्षर होतं.

'पालकांनी येऊन भेटावे.'

"तुझ्या आईला फोन लाव," मावशी म्हणाली.